विहिणींच्या खिशातल्या वायरी

ओशजवळच्या कारा-सूच्या बाजारात कंटेनरांतल्या दुकानांच्या रांगा इतक्या लांब आहेत, की नवखा माणूस मोजे घ्यायला शिरतो आणि कढई घेऊन भलत्याच टोकाला बाहेर पडतो. पण फोनची वायर हवी म्हटलं, की कोणीही एकाच दिशेला बोट दाखवतं. निळा कंटेनर, दारात लोंबणाऱ्या वायरींचा पडदा, आणि पडद्याआड कालबुबू. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही वाटावं, ही आपल्यालाच बोलावतेय.

तिची एक खोड होती, आणि तीच तिची अब्रू होती. वायर गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती फळीखालून काच तडकलेला एक जुना फोन काढायची, त्यात वायर खुपसायची, आणि फोनच्या पडद्यावर विजेची हिरवी खूण उमटली की तो फोन गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. "बघ. जिवंत आहे. मेलेली वायर माझ्या हातून जात नाही."

सगळे तिला अपा म्हणजे ताई म्हणायचे. घाईतला माणूस म्हणायचा, "राहू दे हो अपा, विश्वास आहे."

"विश्वास घरी ठेव. इथे डोळ्यांनी बघ."

समोरच्या कंटेनरात फोनची कव्हरं विकणारी मुखाब्बात हे रोज ऐकायची आणि रोज हसायची. सकाळची भवानी झाली की कालबुबू ती नोट सगळ्या लोंबत्या वायरींवरून फिरवायची, कपाळाला लावायची आणि मगच गल्ल्यात टाकायची. हे बाजारात सगळेच करतात. पण वायरींचा पडदा मोठा, त्यामुळे तिचं हे फिरवणं बराच वेळ चालायचं, आणि तोवर दुसरं गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं.

तपासण्याची सवय रेशमाच्या गिरणीतली. ओशची गिरणी चालू होती तेव्हा ती कोवळ्या वयात तिथे लागली. कढत पाण्यातल्या कोशाचं टोक बोटांनी शोधायचं, धागा उलगडत न्यायचा, आणि तुटला तर तुटलेला दडवून पुढे ढकलायचा नाही. मग गिरणी बंद पडली. कालबुबूने चहा विकला, मोजे विकले, एका हिवाळ्यात तर लोकरीच्या टोप्या विकता विकता स्वतःच्याच डोक्यावरची विकली. मग फोन आले, आणि फोनांमागून वायरी. आपण जन्मभर धागाच विकतोय, आता त्याच्या पोटात तांबं आलंय इतकंच, असं तिला वाटायचं. तिची कशाबद्दल तक्रार नव्हती. नवरा एर्गेश परसात टोमॅटो लावायचा आणि बायकोची चेष्टा करायचा. दोन मुलगे रशियात कामाला होते आणि धड होते. आणि शेंडेफळ जाझगुल. तिच्याबद्दल बोलताना मात्र कालबुबूचा बाजारातला आवाज जरा खाली यायचा.

जाझगुलचं लग्न शरदात झालं, ओझगोनला, भाताची शेती असलेल्या घरात. विहीणबाई आयिमकान म्हणजे उंच, सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. पाच मुलगे, चार सुना, ही पाचवी. घर खातंपितं. त्यांचा एक भाचा कोरियात वापरलेले फोन विकायचा, त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्यांकडे एकाच कंपनीचे, तेच ते महागडे फोन. नव्या सुनेचं तोंड पाहिलं त्या दिवशी आयिमकानबाईंनी जाझगुलच्या हातातही तसलाच एक ठेवला.

व्याह्यांना कपडे चढवायची वेळ आली तेव्हा कालबुबूने हात आखडला नाही. आमच्याकडे याला कियित म्हणतात. कोट, शाल, अंगरखा, जो ज्याचा मान, तो सगळ्यांदेखत अंगावर घालायचा. एकदा अंगावर चढलेलं कियित परत होत नाही. परत आलं, तर समजायचं सोयरीक संपली. आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण कालबुबूला आणखी सुचलं. नव्या कोटाचा खिसा रिकामा कसा द्यायचा? लोक खिशात मिठाई घालतात, रुमाल घालतात. तिने प्रत्येक खिशात लाल फीत बांधलेली फोनची वायर घातली. आपल्या धंद्यातली उत्तम, पांढरी, जाडजूड. एकेक वायर तडकलेल्या फोनला लावून पाहिलेली. विहिणींनी खिशात हात घातले, वायरी बाहेर निघाल्या, आणि मांडवात एकच हशा झाला. आयिमकानबाईसुद्धा हसल्या. एर्गेश बायकोच्या कानात म्हणाला, "नशीब तू कढया विकत नाहीस."

लेक गेली. आता पहिलं माहेरपण होईपर्यंत थांबायचं होतं. सासरची वडीलधारी माणसं स्वतः सुनेला घेऊन माहेरी येतात, जेवतात, मग ती आईकडे काही दिवस राहते. तोवर लेकीने यायचं नाही आणि आईने तर तिच्या दारात पाऊलही टाकायचं नाही. ओझगोन काही दूर नाही, गाडीत बसून एक डुलकी काढेपर्यंत येतं. पण रीत म्हणजे रीत. जर्दाळूला फूल आलं की येऊ, असं आयिमकानबाई म्हणाल्या होत्या. कालबुबू जर्दाळूकडे इतक्या वेळा बघायची की एर्गेश म्हणायचा, झाड लाजून फुलणार नाही अशाने. रोज दुपारी, सासूची झोपेची वेळ साधून, जाझगुल फोन करायची. काय खाल्लं, काय शिवलं, कोणती जाऊ बरी आहे, असलं काहीबाही. कालबुबू तेवढा वेळ गिऱ्हाइकाला हाताने थांबवून ठेवायची.

आणि मग, बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा, आयिमकानबाईंचाच फोन आला.

आधी सगळ्यांची खुशाली झाली. माणसांची, गुरांची, गुडघ्यांची. मग त्या म्हणाल्या, "विहीणबाई, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या वायरी चालेनाशा झाल्या."

"कोणती? कोणाची?"

"सगळ्यांच्याच. लावली की फोन म्हणतो, ही वस्तू प्रमाणित नाही. आमच्या ह्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना."

कालबुबूच्या कानशिलावर रक्त चढलं. तिने फोन खांद्याने धरला, पडद्यातली तशीच वायर ओढली आणि तडकलेल्या फोनला लावली. हिरवी खूण लख्ख उमटली. आता थोडं थांबावं, विचार करावा, हे कुठलं? तोंडातून बाजार बाहेर पडला.

"माझ्याकडची चालतेय, विहीणबाई. डोळ्यांसमोर चालतेय. वायरीत खोट नाही. तुमच्या फोनांतच असेल."

मग आयिमकानबाई म्हणाल्या, "असेल. आमच्या घरातलंच वाईट असेल," आणि त्यांनी फोन ठेवला.

घरी हे सांगितलं तेव्हा एर्गेशने हातातली चहाची वाटी खाली ठेवली. "काय म्हणालीस? अख्ख्या घराचे फोन वाईट?"

"मग वायर चालतेय तर काय म्हणू?"

"अगं, तू विहिणीशी बोलत होतीस की गिऱ्हाइकाशी?"

"खरं ते बोलले."

"घे आता. जर्दाळू फुलायला आलाय, आणि तू विहिणीशी भांडण घेऊन बसलीस."

दुसऱ्या दिवसापासून बाजारातही तेच सुरू झालं. आधी एक शिक्षिका आली, मग एक टॅक्सीवाला, मग ब्रेडवाल्याची बायको. हातात वायर आणि तोंडात एकच वाक्य: फोन नको म्हणतोय. कालबुबू आपला फोन काढून दाखवायची, हिरवी खूण उमटायची, आणि टॅक्सीवाला म्हणायचा, "अपा, मी तुमचा फोन चार्ज करायला नाही आलो." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हिरव्या खुणेला कोणी भीक घालत नव्हतं.

शेवटी मुखाब्बात रस्ता ओलांडून आली. "अपा, किती भांडशील? फोन अपडेट झालेत सगळ्यांचे."

"म्हणजे काय झालेत?"

"नवं शिकलेत. आता वायर आत शिरायला लागली की विचारतात, तू कोणाची? कंपनीने मान्य केलेली चिप पोटात नसली, तर दारातूनच परत."

"काल तर आत घेत होते."

"काल भोळे होते."

"आणि माझा? माझा कसा घेतो?"

"तुझा!" मुखाब्बातने तो तडकलेला फोन दोन बोटांत उचलला. "ह्याला इंटरनेट दाखवलंयस का कधी? हा बिचारा अजून जुन्या काळातच बसलाय. कोणीही आलं तरी या, बसा, चहा घ्या म्हणतो."

कालबुबू स्टुलावर बसली. वायरींचं दुःख तिला फारसं झालं नाही. चीनमधले कारखाने हातावर हात ठेवून बसणारे नव्हते, महिना-पंधरा दिवसांत नव्या अपडेटला चकवणारी नवी वायर येईल, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. कंपनी कुलूप बदलणार, कारखाने किल्ली बदलणार, आणि मध्ये कालबुबूसारख्या बायका रुमाल सावरत बसणार, हे चालायचंच. तिला बोचली ती विहीणबाईंची आठवण. फोन चांगले होते. वायरीच मेल्या होत्या. आणि आपण त्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्यादेखत खोटं पाडलं.

पण खरी लाज अजून पुढेच होती. दुपारी जाझगुलचा फोन आला. ती हसत होती, पण आवाज दाबून.

"आई, इथे गंमतच झालीय. सगळ्यांच्या वायरी गेल्या आणि माझी एकटीची चालतेय."

"तुझी?"

"अगं, तू माझ्या पेटीत घातली होतीस ती. अस्तरात, साबणाच्या वड्यांखाली. थोरले दीर, धाकटे दीर, सासरे, सगळे माझ्याकडेच येतात. सासरे तर नाव घेत नाहीत ना माझं, नुसते दारात उभं राहून खाकरतात. मी वायर देते."

"आणि सासूबाई?"

"त्यांनी विचारलं, ही वायर तुझ्या आईनेच दिलेली का म्हणून. मी हो म्हटलं. मग त्यांनी ती हातात घेऊन बघितली बराच वेळ. काही बोलल्या नाहीत."

ती वायर कंपनीची होती. अस्सल. खूप दिवसांपूर्वी बिश्केकहून आलेला एक माणूस फळीवर विसरून गेला होता, तो परत आलाच नाही. ती वायर तिने विकली नव्हती, तुलना करायला ठेवली होती. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पेटी भरताना तिच्या मनात आलं, लेकीची वायर कधी बंद पडायला नको. बाकी सगळं मोडलं तरी चालेल, फोन चालला पाहिजे, तिचा आवाज आला पाहिजे. म्हणून ती गुपचूप अस्तरात सरकवली. विहिणींच्या खिशात बाजारातल्या, आणि स्वतःच्या पोरीच्या पेटीत खरी! त्या वेळी यात काही वावगं आहे असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण त्या वेळी सगळ्याच चालत होत्या. आता एका अपडेटने तिचं मन उघडं करून ओझगोनच्या त्या घरात सगळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं. एकीकडे मेलेल्या वायरींचा ढीग, आणि मध्ये एक जिवंत. आयिमकानबाई कमी बोलत असतील, पण आंधळ्या नव्हत्या.

जर्दाळू फुलला. ओझगोनहून निरोप आला, भाताच्या रोपांची गडबड आहे, जरा पुढे ढकलू. निरोप जाझगुलच्या थोरल्या दिराने दिला, आयिमकानबाईंनी नाही.

"भाताची रोपं," कालबुबू म्हणाली. "फुलं गळायला लागली तरी भाताची रोपं."

"भात लावतात खरंच या दिवसांत," एर्गेश म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला टोमॅटो कळतात फक्त."

आता करायचं काय? नव्या वायरी बाजारात आल्या होत्या. अपडेट झालेल्या फोनांनाही त्या चालत होत्या, मुखाब्बातच्या फोनवर लावून पाहिल्या होत्या. पण त्या ओझगोनला धाडणं म्हणजे पहिलं कियित खोटं होतं असं स्वतःच्या हाताने लिहून देणं. माफी मागायला जावं, तर माहेरपण झाल्याशिवाय त्या दारात जाता येत नव्हतं. आणि फोनवर माफी? ज्या फोनवरून अपमान केला, त्याच फोनवरून? तिला ते काही पटेना. ती रोज दुकान उघडायची, भवानीची नोट वायरींवरून फिरवायची, आणि लेकीच्या फोनची वाट बघायची. एके दिवशी दुपार टळून गेली तरी फोन आला नाही. उलट लावला तर बंद. कालबुबूने त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना चुकीची वायर दिली आणि चौथ्याला शिवी. दुसऱ्या दिवशी जाझगुल म्हणाली, बॅटरी संपली होती गं, बाकी काही नाही. पण आईचा जीव, तिने त्यातून नको नको ते काढलं. फोन काढून घेतला असेल, बोलणी बसत असतील, आपल्या पायी पोरीला खाली मान घालावी लागत असेल.

असेच दिवस जात असताना एका सकाळी, बाजार नुकता भरत होता, तेव्हा वायरींचा पडदा बाजूला झाला आणि समोर आयिमकानबाई उभ्या. उंच, सरळ, हातात एक गाठोडं.

कालबुबूला फक्त ते गाठोडं दिसलं. कियित परत आलं, तिच्या मनात आलं. कोट परत, शाली परत, वायरी परत, आणि पाठोपाठ पोर परत.

"विहीणबाई, बसते म्हटलं तर जागा आहे का?" आयिमकानबाई म्हणाल्या.

मुखाब्बातने धावत स्टूल आणलं, मग चहा आणला, मग आणखी काही आणायचं आहे का म्हणून तिथेच उभी राहिली. कालबुबूने तिच्याकडे असं बघितलं की ती आपल्या कव्हरांकडे गेली.

"मी चुकले," कालबुबू म्हणाली. खुशाली नाही, काही नाही. "फोन तुमचे चांगले होते. वायरी मेल्या होत्या. आणि ती एक... ती मी पोरीला..." तिने समोरच्या वायरींचा गुंता सोडवायला घेतला.

आयिमकानबाईंनी चहाचा घोट घेतला. "रागावले होते मी. खोटं कशाला बोलू? फोन वाईट म्हणालात ते लागलं. मग ती वायर बघितली आणि जास्त लागलं. म्हटलं, बघा, आम्हाला बाजारातलं आणि लेकीला खरं. भाताचं निमित्त मीच सांगितलं."

"बरोबर केलंत."

"थांबा, बोलू द्या. मी फार बोलत नाही, एकदाच बोलून घेते." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मागे एके दिवशी माझ्या तिसऱ्याचा रशियातून फोन यायचा होता. माझा फोन मेलेला. मी सुनेकडे वायर मागितली. तिचा स्वतःचा फोन तेव्हा शेवटच्या श्वासावर होता, तो काढून तिने माझा लावला. मी लेकाशी पोटभर बोलले. नंतर बघते तर ही स्वयंपाकघरात, बंद फोन मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. नुसती बसली होती. तुमच्याशी बोलायची तिची वेळ होती ना ती?"

कालबुबूने मान हलवली. तो दिवस तिला चांगला ठाऊक होता.

"तेव्हा मला त्या वायरीचा अर्थ कळला. मग माझा राग टिकेना. टिकवायचा प्रयत्न केला मी, दोन-चार दिवस." आयिमकानबाई पहिल्यांदा हसल्या, आणि त्यांनी गाठोडं पुढे सरकवलं. "सोडा हे."

कालबुबूने गाठ सोडली. आत तांदूळ होता. लालसर, जाड दाण्याचा, वास घेतला की पोटात भूक उभी राहावी असा.

"आमच्याकडचा जुना तांदूळ. वर्षानुवर्षं मुरवलेला. माझी लेक जलालाबादला दिली तेव्हा तिच्या सासरच्यांना मी पोतंभर तांदूळ पाठवला. वरचा थर जुना, खाली सगळा त्या वर्षीचा नवा. आणि असला, निवडक, छोट्या पिशवीत घालून लेकीच्या पेटीच्या तळाशी. अजून कोणाला कळलेलं नाही. तांदूळ बरा, तो अपडेट होत नाही."

कालबुबूला असं हसू फुटलं की वायरींचा पडदा हलला. हसता हसता ती रडली, आणि रडता रडता तिला दिसलं, की आयिमकानबाईंच्या अंगात तोच कोट होता, लग्नात तिने स्वतः चढवलेला. इतका वेळ समोर बसला होता आणि गाठोड्याच्या भीतीपायी तिला दिसला नव्हता.

"आणि मेलेल्या वायरी?" तिने डोळे पुसत विचारलं.

"आमच्या ह्यांनी द्राक्षाचा वेल बांधून काढलाय त्यांनी. म्हणतात, व्याह्यांनी सुतळी फार मजबूत दिली. आता मला चालणाऱ्या द्या. विकत. सून एकटी किती जणांना पुरणार?"

कालबुबूने नव्या वायरी काढल्या. सवयीने हात फळीखालच्या तडकलेल्या फोनकडे गेला, आणि ती थांबली. वायर तिने आयिमकानबाईंच्याच फोनला लावली. खूण उमटली. पण नेहमीचं वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नाही. "आज चालतेय," ती म्हणाली. "पुढच्या अपडेटनंतरचं मला सांगता येणार नाही."

"लग्नात सुनेबद्दलही असंच सांगायचं होतंत, म्हणजे आम्ही सावध राहिलो असतो."

"का? काय केलं तिने?"

"काही नाही. भाताला मीठ कमी घालते. ते शिकेल." त्यांनी वायरी कोटाच्या खिशात घातल्या. "शनिवारी येतो आम्ही. मेंढी मोठी कापू नका, माणसं थोडीच येऊ."

थोडी म्हणजे दोन गाड्या भरून आली. कालबुबूच्या अंगणात चुलाण पेटलं, एर्गेशने तोच जुना तांदूळ घालून पुलाव शिजवला, आणि आपण जन्मात इतका चांगला पुलाव केला नव्हता हे येईल त्याला सांगत सुटला. जाझगुल दारात आली, पांढरा रुमाल बांधलेली, थोडी वाळलेली. आईच्या गळ्यात पडली. कालबुबूने तिच्या पाठीवरून हात फिरवला, गिरणीत कोशावरून फिरवायची तसा, सावकाश.

पाहुणे बसले, चहा फिरला, वडीलधाऱ्यांनी हात पसरून आशीर्वाद दिले. जेवणं झाली तेव्हा कोणीतरी विचारलं, सून कुठाय? जाझगुल आतल्या खोलीत आपल्या जुन्या गादीवर कुशीला वळून गाढ झोपली होती. भर दुपारी, पाहुण्यांच्या गलक्यात, तोंड थोडं उघडं टाकून. सासरी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकायची. इथे ती आडवी झाली आणि पुढचं तिला काही कळलंच नाही. कालबुबू दारात शरमली. विहिणींसमोर सुनेने झोपावं, हे काय दिसतं? ती उठवायला पुढे झाली.

मागून आयिमकानबाईंनी तिचा हात धरला. "झोपू दे."

दोघी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. बाहेर एर्गेश आणि व्याही द्राक्षाला खत किती घालावं यावरून वाद घालत होते. आयिमकानबाई म्हणाल्या, "माझी आई होती तोवर मीही अशीच झोपायची. गेल्या-गेल्या आडवी. ती म्हणायची, झोप अजून, मी आहे. ती गेल्यापासून हे मला कोणी म्हटलेलं नाही."

सरळ पाठीची ती बाई हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. कोपऱ्यातल्या थप्पीतून कालबुबूने सगळ्यात मऊ गादी ओढली, जाझगुलच्या शेजारी अंथरली, उशी झटकली, आणि विहिणीच्या अंगातला कोट स्वतःच्या हाताने उतरवून खुंटीला लावला.

"पडा," ती म्हणाली. "झोपा थोडं. मी आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना पुलाव वाढलाय. पडा."

आयिमकानबाई आधी नुसत्या बसल्या, मग कलल्या, मग त्यांनी पाय लांब केले. कालबुबूने दोघींच्या अंगावर एकच मोठी रजई घातली आणि दार ओढून घेऊन उंबऱ्याशी बसली. थोड्याच वेळात एर्गेश ओरडतच आला. विहीणबाई कुठे गेल्या, व्याही विचारतायत, चहा हवाय! तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "घरात दोन माहेरवाशिणी झोपल्यात."